जयवंत आज कसा दिसत असेल

"वडलांच्या डोक्यावर केस होते का शेवटपर्यंत?" मी विचारलं.

"माझ्या वडलांच्या?"

"तुमच्या कशाला? तुमचं चित्र काढायचं नाहीये. सासऱ्यांच्या."

समोर बसलेल्या बाईने पदर सावरला आणि आठवायला लागली. चौतिशीची असेल. काजूच्या कारखान्यात काम करणारी, त्यामुळे बोटं चिकाने काळवंडलेली. मांडीवर प्लास्टिकची पिशवी, पिशवीत अजून एक पिशवी आणि तिच्या आत नवऱ्याचा पासपोर्ट साइज फोटो.

"पुढून गेले होते," ती म्हणाली. "हितून. दोन्ही बाजूंनी आत गेलेले. मागं होते."

"मग याचेही गेले असणार. पुढे."

ही दोन हजार चारच्या फेब्रुवारीतली गोष्ट. चिपळूणला माझा फोटो स्टुडिओ होता. मी दिगंबर खातू, वय तेव्हा छप्पन्न, आणि कॉम्प्युटरने पोटावर पाय दिलेला माणूस. एके काळी ब्रशने रिटचिंग करावं तर खातूने, असं रत्नागिरीपर्यंत बोललं जायचं. विशेषतः गेलेल्या माणसांचे फोटो. लग्नाच्या ग्रुपमधून मुंडकं उचलायचं, त्याला कोट चढवायचा, मिटलेले डोळे उघडायचे. गावात माणूस गेला की आधी लाकडं आणि मग खातू, असं लोक म्हणायचे आणि मला त्याचा राग न येता उलट बरंच वाटायचं. मग पोरासोरांच्या हातात माऊस आला आणि माझे ब्रश बरणीत उभे राहिले.

रिकामा माणूस समाजसेवेला लागतो तसा मीही लागलो. मूकबधिरांच्या शाळेला दिनदर्शिका रंगवून दिली, रक्तदानाचे फलक काढले, सगळं फुकट. फुकट कामात एक मोठं सुख असतं. गिऱ्हाईक पैसे देतं तेव्हा नाक जरा बारीक करा म्हणतं. फुकट दिलं की फक्त नमस्कार करतं.

शबाना परकार ही गोवळकोटची मुलगी, कॉलेजात शिकवायची. तिचे मामा कुवेतला होते आणि तिथल्या चार-पाच जणांनी मिळून 'वतनसाथी' नावाचं एक मंडळ काढलं होतं. आखातात गेलेले आणि मग ज्यांचा पत्ताच लागला नाही, असे आपल्याकडचे कामगार शोधायचे. घरच्यांकडे फोटो असायचे ते जाताना काढलेले, पंधरा-पंधरा वर्षांपूर्वीचे. त्यावरून कोण ओळखणार?

"काका, माणूस आज कसा दिसत असेल ते तुम्ही काढून द्याल?" शबानाने विचारलं होतं.

मी हो म्हणायला क्षणही घेतला नाही. डोळे उघडणाऱ्याला केस पिकवणं काय अवघड?

ही सुगंधा नागवेकर माझी पाचवी. आधीच्या चौघांची चित्रं गेली होती आणि त्यातल्या एकाचा, खेडच्या गवंड्याचा, पत्ता लागलाही होता. त्यामुळे मी जरा हवेत होतो.

"याला किती वर्षं झाली?" मी फोटो भिंगाखाली धरला. सव्वीस वर्षांचा पोरगा. कपाळ मोठं, डाव्या भुवईत एक खाच, ओठ असे की आता हसेल.

"एक्क्याण्णवला गेले कुवेतला. वेल्डर म्हणून. शेवटचं पत्र ब्याण्णवच्या गणपतीत आलं." तिने बोटं मोजली नाहीत. हिशेब तिला तोंडपाठ होता. "येत्या गणपतीला बारा वर्सं होतील."

बारा म्हटल्यावर शेजारी बसलेली शबाना माझ्याकडे बघायला लागली. तिला ते कळलं नव्हतं. मला कळलं होतं. आमच्याकडे माणूस बारा वर्षं बेपत्ता राहिला की घरचे लोक दर्भाचा पुतळा करतात आणि त्याला अग्नी देतात. दहावा, तेरावा सगळं होतं.

"दीर म्हणतात, बारा झाली की उरकून टाकू," सुगंधा म्हणाली. "सासूबाई अजून हो म्हणत नायत, पण त्यांचं वय झालं. मग मला हे काढायला लागंल." तिने कपाळाकडे बोट नेलं, टिकलीला लावलं नाही. "गणपतीच्या आत ते सापडायला पायजेत, शेठ. नुसतं जिवंत हायत एवढं कळलं तरी चालंल. नाय येऊ देत घरी."

मला त्या वेळी वाटलं, हे काम आपण असं करू की कुवेतच्या रस्त्यावर हा माणूस समोरून आला तर लोकांनी हाक मारली पाहिजे.

चिपळूणला ती सोमवारी यायची, कारण त्या दिवशी कारखान्याला सुट्टी. पुढच्या सोमवारी सासऱ्यांचं मतदार ओळखपत्र आणि दिराचा एक फोटो घेऊन आली. माणूस म्हातारा कसा होतो हे बघायचं तर त्याच्या घरातली म्हातारी माणसं बघावीत. मी दिराची हनुवटी घेतली, सासऱ्यांचं कपाळ घेतलं आणि पेन्सिलने जयवंत उभा करायला लागलो. ती शेजारी स्टुलावर बसून बघत होती. मला पाठीशी कोणी बसलेलं खपत नाही, पण तिला उठ म्हणवेना.

"गाल बसवू नका एवढे."

"अगं, उन्हातलं काम, हाताचं जेवण. बसलेच असणार."

"त्यांना सैपाक येतो. माझ्यापेक्षा बरा करतात."

मी गाल थोडे भरले. तिसऱ्या सोमवारी कानशिलावर पांढरे केस काढत होतो, तर म्हणाली, "हे कमी करा. ते कलप लावत असतील."

"कोणासाठी लावतील कलप तिथे?" मी आपलं सवयीने बोलून गेलो.

जीभ चावून काही उपयोग नसतो, पण मी चावली. मग तिनेच सांभाळून घेतलं.

"तसं असलं तरी असू दे," ती म्हणाली. "जिवंत तर असतील."

मी पांढरे केस कमी केले. मग चित्र टेबलावर उभं केलं आणि मागे सरलो. ती उठली, जवळ गेली, लांब गेली, परत जवळ आली. एकोणचाळीस वर्षांचा जयवंत तिच्याकडे बघत होता.

"म्हातारे झाले हो," ती म्हणाली आणि हसली. पहिल्यांदाच हसली. मग पदर तोंडाला लावून तशीच उभी राहिली. "मी पण झाले. पण मला त्यांनी कुठे बघितली?"

"बरोबर आला आहे का, तेवढं सांग."

"बरोबर काय... असेच हायत ते."

शबानाने चित्र स्कॅन करून कुवेतला पाठवलं. मामांनी त्याची पोस्टरं छापून कामगारांच्या खानावळीत, वस्त्यांत लावली. माझं काम तिथे संपलं होतं. तिथेच थांबलो असतो तर आज ही गोष्ट सांगायची पाळी आली नसती.

पण मला ते चित्र सोडवेना. वाटलं, त्या बाईकडे इतक्या वर्षांत पासपोर्टच्या फोटोशिवाय काही नाही. तिला एक मोठा, रंगीत करून द्यावा. सरप्राइज. बारा बाय पंधराचा कागद ताणला, बरणीतले ब्रश काढले आणि आठ दिवस मी दुसऱ्या कशाला हात लावला नाही. शर्टाची कॉलर, भुवईतली खाच, खालच्या ओठावरची चकाकी. मागे माझा तो ठरलेला फिका आकाशी रंग स्प्रेने मारला, कडेकडेने ढगासारखा विरत जाणारा, आणि डोक्याच्या मागे थोडा उजेड. हात आपोआप चालत होता. बायको चहा घेऊन आली ती बघत उभीच राहिली. म्हणाली, "इतका चांगला तुम्ही कोणाचाच केला नाही." मलाही तसंच वाटत होतं.

पैशाचं काम असतं तर आधी गिऱ्हाईकाला दाखवलं असतं. तो नियमच होता स्टुडिओचा, दाखवल्याशिवाय फ्रेम करायची नाही. पण हे तर मी देत होतो. देणाऱ्याने कोणाला विचारायचं? काच बसवली, सोनेरी पट्टीची फ्रेम केली, वर्तमानपत्रात गुंडाळली आणि गुहागरकडे जाणाऱ्या एस.टी.च्या कंडक्टरकडे दिली. ओळखीचा होता. नागवेकरांच्या घरी पोचवतो म्हणाला. गावाचं नाव सांगत नाही, त्यांचं घर तिथे अजून आहे.

सोमवार आला, सुगंधा आली नाही. त्याच्या पुढचाही गेला. मी मनातून चिडलो होतो. एवढं मोठं काम करून दिलं, आभार मानायला यायला काय झालं? शबानाला तसं बोलूनही दाखवलं.

तिसऱ्या सोमवारी ती आली. दारात उभी राहिली तेव्हा मी आधी ओळखलंच नाही. कपाळ मोकळं, हात मोकळे, गळा मोकळा.

मी खुर्चीवरून उठलो. "काय झालं? काही कळलं का?"

"ते तुमालाच इचारायला आले," ती म्हणाली. आवाज अगदी शांत होता. "तुमाला कधी कळलं, काका?"

"मला? मला काय कळणार?"

"तुमाला तोंडाने सांगवलं नसंल म्हणून तसा फोटो पाठवलात. मी समजले ते. त्याबद्दल राग नाय माझा. फक्त कसे गेले, आन कधी, तेवढं सांगा."

शेजारी बाकावर शबाना बसली होती. मी भिंतीकडे बघितलं. स्टुडिओच्या भिंतीवर नमुन्याचे फोटो लावलेले असतात ना, तसे माझ्याकडेही होते. नवरा-नवरीचे, बारशाचे, मुंजीचे, सगळ्यांच्या मागे पडदा. आणि खालच्या ओळीत हार घालायचे फोटो. ते सगळे आकाशी. सगळ्यांच्या डोक्यामागे उजेड. तीस वर्षं मी तो रंग फक्त गेलेल्या माणसांना दिला होता. तालुक्यात ज्या ज्या घरात माणूस गेलं होतं, त्या त्या घराच्या भिंतीवर माझा तो आकाशी रंग होता. खातूने आकाशी केला म्हणजे माणूस गेला, हे शेंबड्या पोराला कळत होतं. मलाच तेवढं कळलं नव्हतं.

"सुगंधा," मी म्हणालो, "मला काही कळलेलं नाही. कुवेतवरून काहीसुद्धा आलेलं नाही. तो रंग... माझ्या हातून सवयीने पडला. नुसती सवय."

ती माझ्याकडे बघत राहिली. मी खोटं बोलतोय का, ते बघत असावी.

"खरंच नाय कळलं?"

"आईची शपथ."

ती बाकावर बसली. शबानाने तिचा हात धरला. मग तुटक तुटक सगळं बाहेर आलं. फ्रेम आली तेव्हा ती कारखान्यात होती. सासूने वर्तमानपत्र सोडवलं. आत मुलगा, पण गेला तेव्हाचा नाही. केस पिकलेला, कपाळ मागे गेलेलं, पुरतं वय झालेला. असा तर घरात कोणी त्याला बघितलेलाच नव्हता. मी चित्र काढतोय हे सुगंधाने घरात कोणाला सांगितलं नव्हतं, उगाच आशा लागेल म्हणून. म्हणजे फोटो तिकडूनच आला असणार, अगदी आत्ताचा. आणि मागे आकाशी. दोन्ही मिळून त्यांनी अर्थ लावला तो असा. संध्याकाळी ती बांधावरून येत होती तर रडणं लांबूनच ऐकायला आलं.

"अगं पण तू सांगायचं होतंस!" मी जवळजवळ ओरडलो. "तुझ्यासमोर काढला की मी! तुला माहीत होतं!"

"सांगणार होते," ती म्हणाली. "तोंड उघडलं होतं. मग फोटो बघितला. पेन्शिलीचा मी बघितलेला, त्यात ते जिवंत होते. ह्यात नव्हते. मला वाटलं, काकांना कळलं. काका असं उगाच करणार नायत. बायका बांगड्या फोडत होत्या तेव्हा मी हात पुढं केला, काका. मीच केला."

दिराने गणपतीची वाट बघितली नव्हती. पुतळा झाला, अग्नी झाला, दहावा झाला. दोन दिवसांपूर्वी तेरावाही होऊन गेला होता.

मी म्हटलं, आत्ताच्या आत्ता गावाला जाऊ. सगळ्यांसमोर सांगतो, चूक माझी आहे. शबाना बरोबर आली. बसमध्ये मी मनात वाक्यं जुळवत होतो. दिराने चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं, पण तो कामावर गेला होता. घरी एकटी सासू होती, ओटीवर भिंतीला टेकून. आत समोरच जयवंत, हार घातलेला. खरं सांगतो, लांबून तो फार सुंदर दिसत होता. त्याही वेळी माझ्या मनात ते आलं आणि माझी मलाच शरम वाटली.

मी खाली बसलो. हात जोडले. "आजी, हा फोटो कुवेतवरून आलेला नाही. मी काढलेलं चित्र आहे. जयवंत गेल्याची काही बातमी नाही. तो असेल कुठेतरी."

म्हातारीला नीट ऐकू येत होतं. तिने पुन्हा विचारलं नाही. ती माझ्या हातांकडे बघत होती.

"चित्र म्हंजे तू मनाने काढलास?"

"हो. तुमच्या सुनेने सांगितलं तसा."

"मंग चांगला काढलास. आसाच झाला आसता तो. बापावर गेला आसता." तिने डोळे पुसले. मग म्हणाली, "आता मी सांगते ते आईक. बारा वर्सं मी ह्या दाराला कडी घातली नाय. तो आला नि दार बंद बघून मागं फिरला तर? पावसाळ्यात पानी आत यायचं, कुत्री यायची, पन नाय घातली. मानूस मेला म्हनून रडता येत नाय, जिता हाय म्हनून हसता येत नाय. परवा मी पोट भरून रडले. कडी घातली नि झोपले. ती कडी आता परत काढायला सांगू नको माज्या बाबा. माज्याच्याने नाय व्हनार."

"पण आजी, तुमची सून..."

"सून माजी पोर हाय. तिला इचार."

सुगंधा दाराशी उभी होती. सगळं ऐकत होती. मी तिच्याकडे बघितलं. आता हिने एक शब्द बोलावा, म्हातारीच्या पाया पडावं, रागवावं, काहीतरी करावं. तिने सासूचा खाली पडलेला पदर उचलून खांद्यावर टाकला.

"चला काका," ती म्हणाली. "साडेचारची बस जाईल तुमची."

मला वाटलं होतं, आता ती माझं तोंड बघणार नाही. पण पुढच्याच सोमवारी आली. पोस्टरवर संपर्कासाठी माझ्या दुकानाचा नंबर दिला होता, तेव्हा विचारायचं तर मलाच विचारावं लागणार. स्टुडिओच्या बाहेरच्या खोलीत आरसा होता. गिऱ्हाइकांसाठी कंगवा, पावडरचा डबा. बायका फोटो काढून झाला की जास्तीची टिकली आरशाच्या कडेला चिकटवून जायच्या, तशा दहा-बारा टिकल्या तिथे कायमच्या होत्या. सुगंधा आत आली, आरशासमोर थांबली. कडेची एक लाल टिकली काढली आणि कपाळाला लावली. मग माझ्या टेबलासमोर येऊन उभी राहिली.

"ह्यांचा काय फोन?"

मी मानेने नाही म्हटलं. ती थोडा वेळ बसली. पाणी प्यायली. जाताना पुन्हा आरशासमोर गेली, टिकली काढून होती तिथे चिकटवली, पदराने कपाळ पुसलं आणि बस पकडायला गेली.

असं अडीच वर्षं चाललं. दर सोमवारी नाही, पण महिन्यातून दोनदा तरी. विधवेने विचारलं तर फोन कसा येईल, असं काहीतरी तिच्या मनात असावं. मी कधी विचारलं नाही. आरसा पुसायचा झाला तर तेवढा भाग सोडून पुसायचो. भिंतीवरची ती खालची ओळ मी पहिल्याच आठवड्यात उतरवली होती आणि त्यानंतर गेलेल्या माणसाचं काम घेतलं नाही. शबाना लग्न करून पुण्याला गेली. कुवेतचं मंडळही हळूहळू थंडावलं.

दोन हजार सहाच्या दिवाळीनंतर तिची सासू वारली. मला कंडक्टरकडून कळलं. वाईट वाटलं, पण खोटं कशाला बोलू, थोडं हायसंही वाटलं. जिच्यासाठी हिने कपाळ मोकळं ठेवलं ती आता नव्हती. दीर मुंबईला गेला होता. आता हिला कोण अडवणार? सुगंधा आली की हे स्पष्ट बोलायचं, असं मी ठरवून ठेवलं. बायकोला सांगून टिकल्यांचं एक नवीन पाकीटही आणून ठेवलं.

ती आली ती आरशासमोर न थांबता सरळ आत आली.

मी पाकीट टेबलावर ठेवलं. "आता घरून लावून येत जा," मी म्हटलं. "लपवायचं कोणापासून आहे?"

तिने पाकीट हातात घेतलं, उलटसुलट करून बघितलं.

"परवा लावली होती," ती म्हणाली. "घरात कोणच नव्हतं. म्हटलं, आता लावूया. आरशात बघितलं तर काका, ती कोण बाई हाय तेच मला कळंना. हितं लावायची तेव्हा तसं वाटायचं नाय. तिकडं सासूबाई विधवा म्हणून मला जपायच्या, म्हणून हितं मला सवाष्ण होता यायचं. आता दोन्हीकडं काय राहिलं नाय."

"फोन येईल एखादे दिवशी," मी म्हणालो. मला स्वतःलाच ते खरं वाटलं नाही.

"आला तर तुमी घ्या. कसे हायत, कुठं हायत, सगळं इचारून घ्या." तिने पाकीट अलगद माझ्याकडे सरकवलं. "पण मला सांगू नका."

मी म्हटलं, "सुगंधा, असं करू नको. त्या फोटोबद्दल मला क्षमा कर, पण असं करू नको."

"तुमाला कधीच केली," ती म्हणाली. "तुमच्या हातून ते बरे दिसले. माझ्यापाशी म्हातारे व्हायला तेवढेच आले ते."

ती गेली. त्यानंतर ती स्टुडिओत आली नाही. मी गावाला कधी गेलो नाही.

स्टुडिओ बंद करून आता बरीच वर्षं झाली. तो नंबर मात्र मी घरी घेतला. मुलगा म्हणतो, बाबा, हा लँडलाइन कशाला, कोणी करत नाही त्यावर. खरं आहे, कोणी करत नाही. जयवंत आता साठीचा असेल. कपाळ पुरतं मागे गेलं असेल, भुवईतली खाच केसांत झाकली असेल, कलप लावायचा त्याने सोडून दिला असेल. मला तो नीट दिसतो. फोन वाजला की घरात मीच आधी उठतो.